कापडाचा निवडुंग: आत काय भरायचं?

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललेलंच आहे, फक्त मधले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागून येणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या काढल्यात.

आजचा विषय आहे कापडाची झाडं. कापड कापायचं, शिवायचं, आत भराव घालायचा आणि कुंडीत उभं करायचं. दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी, खिडकीत. आता कुणी म्हणेल, खरी झाडं काय कमी आहेत? तर मे महिन्यात जळगावला किंवा धुळ्याला येऊन राहा. पारा ४४-४५ वर असतो. चार दिवस लग्नाला बाहेरगावी जाऊन आलात की गॅलरीतल्या तुळशीसकट सगळं वाळून कोळ झालेलं असतं. प्लास्टिकची झाडं मिळतात, पण त्यांच्यावरची धूळ आणि ती चकाकी मला काही सहन होत नाही. कापडाचं झाड मात्र झाड असल्याचा आव आणत नाही. ते उशीच्या जातीतलं आहे, आणि तसं दिसतंही.

भरीव कापडी वस्तू आपल्याला नवीन नाहीत. पाळण्यावर टांगायचं चिमणाळं आठवा, त्यातल्या कापडी चिमण्या म्हणजे चिंध्या भरलेल्या पिशव्याच. इंग्लंड-अमेरिकेत टाचण्या खोचायला कापडाचा लाल टोमॅटो करायची पद्धत जुनी आहे. त्याला लटकलेली छोटी स्ट्रॉबेरी असते आणि तिच्यात कुरुंदाची भुकटी भरलेली असते. सुई त्यात दोन-चारदा खुपसली की गंज जातो, टोक साफ होतं. मला ही कल्पना फार आवडते, भरावच कामाला लावलाय.

तर भराव. आजच्या भागात बाकी सगळं सांगेन, पण खरा मुद्दा तोच. कारण आमच्या घरात यावर दोन तट आहेत. आई धुळ्याला शिवणकाम करते आणि गेल्या काही वर्षांपासून कापडी निवडुंग करून विकते. मामाची जळगाव जिल्ह्यात कपाशी आहे. मामाचं म्हणणं एकच: घरात कापसाची रास पडलेली असताना तू दुकानातून पॉलिस्टर विकत आणतेस? आपल्याकडे हा प्रश्न साधा नसतो. भाव वाढेल म्हणून महिनोन् महिने घरात साठवलेला कापूस, त्यावर झोपणारी पोरं, अंगाला सुटलेली खाज, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल.

पण आधी निवडुंगच का, ते सांगतो. शिवणाऱ्यांचा आवडता आहे तो, आणि त्याला कारण आहे. निवडुंगाचं खोड म्हणजे पाण्याची पिशवी. त्याच्या अंगावर उभ्या धारा असतात त्या चुण्यांसारख्या काम करतात: पाऊस पडला की खोड फुगतं, चुण्या उलगडतात, उन्हाळ्यात आटतं, चुण्या मिटतात. म्हणजे ताणलेल्या कातडीत काहीतरी ठासून भरलंय, अशीच त्याची मूळ रचना. कापडाच्या पट्ट्या उभ्या जोडून आत भराव घातला की शिवण आत ओढली जाते, पट्टी बाहेर फुगते आणि धारा आपोआप तयार होतात. गुलाबाला तुम्ही कितीही भराव घाला, तो गुलाब होत नाही.

एक गंमत जाता जाता. आपल्या माळावरचा त्रिधारी निवडुंग, तोडला की पांढरा चीक येतो तो, शास्त्राच्या हिशोबाने कॅक्टस नाहीच. तो शेराच्या कुळातला. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, आणि तो अमेरिकेतून आलेला. त्याच्यावर वाढणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यापासून कापडाला लाल रंग मिळायचा, म्हणून १७९५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात तो किडा भारतात आणला गेला. आला तो त्याचा भाऊबंद निघाला. रंगाच्या कामाचा नव्हता, पण निवडुंग खाऊन साफ करण्यात पटाईत. तेव्हा निवडुंग आणि कापड यांचं नातं जुनंच.

आता बेतणं. इथे माझं काम येतं, कारण आई अंदाजाने कापते आणि तिचा अंदाज बरोबर असतो, पण दुसऱ्याला शिकवता येत नाही. समजा तुम्हाला १० सेंटिमीटर जाडीचा आणि २५ सेंटिमीटर उंचीचा खांबासारखा निवडुंग हवाय. घेर झाला ३१.४. सहा पट्ट्या घेतल्या तर एकेक पट्टी सव्वापाच सेंटिमीटर रुंद. खालचे २० सेंटिमीटर सरळ. वरचा भाग अर्ध्या चेंडूसारखा गोल, म्हणून तिथे पट्टी निमुळती करायची. त्या गोलाईवरून फीत टाकून मोजलं तर टोकापासून सरळ भागापर्यंत ७.८५ सेंटिमीटर अंतर पडतं. म्हणून पट्टीची एकूण लांबी धरा २८. टोकाला रुंदी शून्य. टोकापासून २.६ सेंटिमीटर खाली आलात की रुंदी २.६, ५.२ खाली आलात की ४.५, आणि ७.८५ वर पूर्ण ५.२. हे तीन बिंदू कागदावर टाकून हाताने गोलसर जोडा, झाला नमुना. शाळेतलं साइनचं कोष्टक वापरलंय, दुसरं काही नाही. पुष्कळ जण वरचं टोक सरळ त्रिकोणी कापतात. मग निवडुंगाच्या डोक्यावर मंदिराचा कळस येतो.

या मापाच्या बाहेर शिवणीसाठी चारी बाजूंनी दोन सूत सोडा. दोन सूत म्हणजे पाव इंच, शिंप्यांच्या टेपवर असतं ते. पट्ट्या कमी घेतल्या तर खाचा खोल पडतात, जास्त घेतल्या तर चेंडूकडे झुकतं. सहा ते आठ बरं. आणि तीनच पट्ट्या घेतल्या तर? आपला त्रिधारी तयार. मला तोच सगळ्यात देखणा वाटतो, गिऱ्हाईक मात्र सहा धारांचाच मागतं.

कापड कुठलं? हिरव्याच्या जितक्या छटा तुम्हाला हव्या असतील तितक्या एकाच दुकानात मिळतात: मॅचिंग सेंटर. जळगावला फुले मार्केट, धुळ्याला पाचकंदील किंवा आग्रा रोड, कुठेही जा. ब्लाउजच्या टू बाय टूची थप्पी काढायला सांगा, पोपटी ते काळपट हिरवा सगळं समोर येईल. ते कापड पातळ असतं, भराव ठासला की शिवणीपाशी धागे सरकतात. म्हणून मागून कॉलरला लावतात तसलं चिकटणारं अस्तर इस्त्रीने लावून घ्यायचं. नाहीतर सरळ जाड कॉटन, कॅनव्हास किंवा उभ्या रेघांचं कॉर्डरॉय घ्या. कॉटन आधी रात्रभर पाण्यात घालून, वाळवून, मग कापा. कापडाचा उभा धागा पट्टीच्या उंचीच्या दिशेने आला पाहिजे. उरेब कापलं तर भराव घातल्यावर खांब पीळ खातो. फांद्यांसाठी मात्र उरेबच घ्या, कारण तिथे वळण हवंय आणि उरेब कापड वळणावर सुरकुतत नाही.

शिवताना पट्ट्या उलट बाजूने जोडायच्या, टोकाशी दोन-तीन टाके उलटे मारायचे, वरच्या गोलाईत शिवणीपर्यंत पोचणार नाहीत अशा बारीक काटछाटा द्यायच्या आणि तळ उघडा ठेवून सुलट करायचं. शिवणकाम येणाऱ्याला यात सांगण्यासारखं काही नाही. न येणाऱ्याने पायमशीनवर आधी जुन्या चादरीचा एक करून बघावा.

आता भराव. तीन पर्याय आहेत: चिंध्या, कापूस, पॉलिस्टर.

चिंध्या फुकट. कुठल्याही शिंप्याकडे पोतंभर मिळतात. पण त्या जड असतात आणि बाहेरून गाठी दिसतात. बोटाएवढ्या बारीक कातरल्या तर चालतात, तेवढा वेळ कुणाकडे आहे? आई त्या तळाला वापरते. खाली वजन मिळतं आणि गाठी कुंडीत झाकल्या जातात.

कापसाचं प्रकरण सविस्तर बघू. पहिली गोष्ट, शेतातून आलेला कापूस भराव म्हणून वापरता येत नाही, कारण त्यात सरकी असते. १०० किलो कापूस जिनिंगला घातला तर साधारण ३३-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकीच. सरकीत तेल असतं. दाबली गेली की कापडावर तेलाचा डाग येतो. उंदरांना ती आवडते. आणि गुलाबी बोंडअळी सरकीच्या आत दडून राहू शकते, ती दिवाणखान्यात कुणाला हवी? तेव्हा मामाच्या राशीतून मूठभर उचलून निवडुंगात कोंबणं हा मार्ग बंद. पाव किलो हाताने सरकी काढून बघा, आजीच्या पिढीचा आदर दुप्पट होतो. रुईच पाहिजे, आणि तीही पिंजलेली. म्हणजे गादीवाल्याकडे जाणं आलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कापूस बसतो. गादी दोन-तीन वर्षांनी उसवून पुन्हा पिंजायला देतात, ती का? कापसाचा तंतू बोंडात असताना आतून पोकळ नळी असतो. बोंड फुटून वाळलं की ती नळी चपटी होते आणि पिळदार फितीसारखी दिसते. चपटी फीत दाबली की दाबलेलीच राहते, शेजारच्या फितींत गुंतते, आणि गोळा होतो. वर कापसाला ओलावा ओढायची सवय. कापड उद्योगात प्रमाण हवेतल्या ओलाव्याचे आकडे ठरलेले आहेत: कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के पाणी धरतो, पॉलिस्टर ०.४ टक्के. म्हणजे आषाढ-श्रावणात कापूस भरलेला निवडुंग जड होतो, बसतो, आणि दिवाळीपर्यंत त्याची मान एका बाजूला कललेली असते. भरावाचा पॉलिस्टर तंतू मुद्दाम स्प्रिंगसारखा वळवलेला असतो, बऱ्याचदा आतून पोकळही ठेवतात. दाब काढला की तो परत उठतो.

इथे मामाचा वकील म्हणून मी एक सांगतो. कापूस बसतो ही अडचण उंच खांबात आहे. बुटक्या, गरगरीत निवडुंगात उलट त्याचा फायदा होतो. वजन हातात जाणवतं, आकार घट्ट राहतो, आणि सुई-टाचण्या खोचायला पॉलिस्टरपेक्षा कापूस कितीतरी बरा. फक्त सुरुवातीलाच इतका ठासायचा की पुढे बसायला जागाच उरू नये. वीतभर उंचीपर्यंत कापूस, त्याच्यावर पॉलिस्टर, अशी आमच्या घरातली तडजोड आहे. तडजोड म्हणजे काय, दोघंही नाराज आहेत.

भरायची पद्धत दोन्हीला सारखीच. मोठा गोळा एकदम घालायचा नाही. लिंबाएवढा घ्यायचा, बोटांनी पिसायचा आणि ब्रशच्या मागच्या बोथट टोकाने आधी डोक्यात बसवायचा. डोकं दगडासारखं कडक झालं की मग खाली. प्रत्येक धारेत वेगळं भरत यायचं. आपण वर सांगितलेल्या मापाला साधारण पावणेदोन-दोन लिटरची जागा होते. त्यात पॉलिस्टर शंभर ग्रॅमच्या आसपास जातं, कापूस दीडशे. तुम्हाला वाटेल भरून झालं, तेव्हा अजून एक तृतीयांश बाकी असतं.

मग काटे. बाजारातले कापडी निवडुंग बघा, नव्वद टक्क्यांत काटे शिवणीवर टाकलेले असतात, कारण तिथे सुई सहज जाते. खऱ्या निवडुंगाला काटे धारेच्या माथ्यावर येतात, खाचेत नाही. म्हणजे आपल्या पट्टीच्या बरोब्बर मध्यावर. दोन-दोन सेंटिमीटरवर पांढऱ्या दोऱ्याचे तीन टाके, एकाच छिद्रातून पंख्यासारखे. लांब सुई लागते, गोधडीची चालते. खरं सांगायचं तर झाडाचा जीव या टाक्यांत आहे आणि सगळा वेळही इथेच जातो. सहा धारा, प्रत्येकीवर बारा-तेरा ठिकाणी, म्हणजे पंचाहत्तरच्या आसपास जागा, प्रत्येकी तीन टाके. वर एक पिवळं फूल हवं असेल तर गोल तुकड्याच्या कडेने धावदोरा घालून ओढायचा, चुण्यांची चकती होते.

उभं करण्यासाठी मातीची छोटी कुंडी घ्या. तळाला वाळूची पुरचुंडी शिवून ठेवा, तीन-चारशे ग्रॅम. वाळू धुऊन, कढईत कोरडी भाजून मगच भरा, नाहीतर ओल कापडात चढते. काही जण वजनासाठी तांदूळ किंवा ज्वारी भरतात. नका भरू, सोंडे होतात. निवडुंगाचा उघडा तळ जाड पुठ्ठ्याच्या चकतीवर कापड ओढून हातशिलाईने बंद करायचा आणि कुंडीत घट्ट बसवायचा. वर बारीक खडे पसरले की झालं. घरात रांगतं मूल असेल तर खडे नकोत, तपकिरी कापडाची चकतीच बसवा.

केळीबद्दल खूप जणांनी विचारलं होतं. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, रावेर-यावलकडे तर नजर जाईल तिथे केळीच, तेव्हा कापडाची केळ घरात हवी हे ओघानेच आलं. पण केळ हे भरावाचं झाड नाही. खऱ्या केळीचा खांब म्हणजेसुद्धा एकावर एक गुंडाळलेले पानांचे देठ. म्हणून तिथे कापडाच्या लांब पट्ट्या गुंडाळायच्या, भराव नाही. पान दुहेरी कापडाचं, मध्ये शिऱ्यासाठी तार घातलेली नळी, आणि शिऱ्यापासून कडेकडे तिरक्या टिपा. दोन-तीन ठिकाणी टिपांच्या मधे कडेपासून आत चीर द्या. वाऱ्याने फाटलेलं पान केल्याशिवाय ती केळ वाटतच नाही. आजीने ही केळ बघितली आणि विचारलं, “हाई काय शे? याले पानी देवानं नही का?” मग कळल्यावर लगेच बजावलं की कानबाईला असला खांब चालणार नाही, तिथे खरीच केळ लागते. गणपतीच्या सजावटीला मात्र तिची हरकत नाही. २०१८ च्या बंदीने थर्माकोलचं मखर गेलं, तेव्हापासून आमच्या घरी आरास कापडीच असते. समईपासून हातभर लांब ठेवा, एवढंच. कापूस भसकन पेट घेतो, पॉलिस्टर वितळून ठिबकतं आणि कातडीला चिकटतं. दोन्ही वाईट.

स्वच्छतेचं थोडक्यात: धुवायचं नाही. कोरड्या रंगाच्या ब्रशने खाचा झाडायच्या, पावसाळा संपला की एक दिवस उन्हात ठेवायचं. रोज उन्हाच्या खिडकीत ठेवलं तर हिरवा रंग वर्षभरात उडतो, पोपटी आधी.

आता पैशाचं, कारण ऐकणाऱ्यांत शिवून विकणाऱ्या बऱ्याच ताया आहेत. आईच्या एका निवडुंगाला मी घड्याळ लावून बसलो. कापणं वीस मिनिटं, मशीन पस्तीस, भरणं चाळीस, तळ बंद करणं पंचवीस, काटे सव्वा तास. एकूण सव्वातीन तास. कापड, अस्तर, दोरा, कुंडी, भराव धरून खर्च एकशे दहा रुपये. ती विकते अडीचशेला. उरले एकशे चाळीस, म्हणजे तासाला त्रेचाळीस रुपये. आणि गिऱ्हाईक म्हणतं, ऑनलाइन दीडशेला मिळतो. मिळतो, खरंय. त्याला काटे छापलेले असतात.

आईला हा हिशोब दाखवला तर म्हणाली, “अरे, टीव्ही बघत बघत करते मी, त्याचे काय पैसे धरायचे?” मी धरतो. माझ्या कंपनीत मी मीटिंगमध्ये नुसता बसलेला असतो तरी तो तास धरला जातो. काटे वेगळे लावायचे असं शेवटी ठरलं: बिनकाट्याचा अडीचशे, काट्यांचा चारशे. पहिल्या महिन्यात बिनकाट्याचेच जास्त गेले, आणि त्यात आईचा दर निवडुंगामागे सव्वा तास वाचला.

मामाचाही हिशोब काढला. दीडशे ग्रॅम रुईला साधारण ४४० ग्रॅम कापूस लागतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या भावाने एका निवडुंगातला कापूस झाला तेहतीस रुपयांचा, आणि तोही हमीभाव हातात पडला तर. मामाने आकडा ऐकला, कुंडीकडे बघितलं आणि विचारलं, “ही कुंडी केवढ्याला?” चाळीसला. पुढे काही बोलला नाही. गादीवाल्याकडून पिंजून आणलेली पाच किलो रुई मात्र स्वतः धुळ्याला आणून दिली. आता गोल निवडुंगांत तीच जातेय. खांबांसाठी पॉलिस्टर चालूच आहे.